संदर्भांची सावकारी

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारांवर एका नव्या प्रकारचा फलक झळकू लागला आहे. जगातील अग्रगण्य दोन टक्के शास्त्रज्ञांत आमच्या अमुक प्राध्यापकांची निवड, असा त्याचा मजकूर असतो. शेजारी त्या प्राध्यापकांचे छायाचित्र आणि वर संस्थाचालकांचे त्याहून मोठे छायाचित्र. ही यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी प्रसिद्ध करतात. तिच्यात कोणी कोणाची 'निवड' केलेली नसते. एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपस नामक माहितीसाठ्यात कोणाच्या लेखांचा किती ठिकाणी उल्लेख झाला आहे, याची यंत्राने केलेली ती बेरीज असते. यादी तयार करताना त्या प्राध्यापकाचे एक पानही कोणी वाचलेले नसते आणि वाचण्याची गरजही मानलेली नसते.

बेरीज करणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. ज्याला बेरजा आवडतात त्याने त्या खुशाल कराव्यात. आमचा आक्षेप असा की या बेरजेला आता न्यायासनावर बसविण्यात आले आहे. नोकरी, पदोन्नती, संशोधनाचे अनुदान, विद्यापीठाचा देशातील क्रमांक ही सर्व प्रकरणे तिच्यापुढे चालतात आणि तिच्या निकालावर अपील नाही. पदार्थविज्ञानात यामुळे काय घडते ते त्या विषयाच्या जाणकारांनी सांगावे. राज्यशास्त्राच्या बाबतीत काय घडते ते मात्र कोणाही सुजाण नागरिकाला समजण्यासारखे आहे, आणि त्याची किंमत नागरिकालाच मोजावी लागत आहे. कारण राज्यशास्त्राचा विषयच मुळी हा नागरिक, त्याचे गाव, त्याची पंचायत, त्याचा आमदार आणि त्याच्यावर राज्य करणारी सत्ता हा आहे.

एक उदाहरण तपशिलाने घेऊ. प्रस्तुत लेखक ज्या खडकवासल्यात राहतो तेथून मुळशीचे धरण फार दूर नाही. 1920 नंतरच्या चार वर्षांत मुळशी पेट्यातील मावळ्यांनी टाटा कंपनीच्या या धरणाविरुद्ध लढा दिला. सेनापती बापटांचे नाव या लढ्याशी कायमचे जोडले गेले. पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती आणि मुंबईच्या कारखान्यांना वीज मिळणार होती. या लढ्याचा साक्षेपी अभ्यास पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातील प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी केला आणि 1994 साली 'मुळशी सत्याग्रह' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. जमीन कसणारा मावळा, त्याच्या जमिनीवर कर्ज देऊन बसलेला सावकार आणि पुण्याहून आलेला पुढारी या तिघांचे हितसंबंध एक नव्हते. मोबदल्याचा प्रश्न आला की लढ्यातील फट कोठे रुंदावते, हे त्या अभ्यासातून उमगते. नर्मदेच्या खोऱ्यात मेधा पाटकर आणि त्यांचे सहकारी लढत होते त्याच काळात हा ग्रंथ मराठी वाचकाच्या हाती पडला. ज्याला धरण, विस्थापन आणि लोकचळवळ यांचा विचार करावयाचा होता त्याला तो उपयोगी होता.

याच विषयावरील व्होरांचा इंग्रजी ग्रंथ 2009 साली निघाला. जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले आहे. तेव्हापासून मुळशीचा उल्लेख इंग्रजी लेखांच्या तळटिपांत येऊ लागला, आणि तो यावा हे योग्यच आहे. परंतु मधल्या पंधरा वर्षांचे काय? त्या पंधरा वर्षांत हे संशोधन अस्तित्वात होते. पुण्याच्या ग्रंथालयांत होते, विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांत होते, कार्यकर्त्यांच्या शबनम पिशव्यांत होते. यंत्राच्या लेखी मात्र ते नव्हतेच. स्कोपसमध्ये प्रवेश मिळविण्यासाठी नियतकालिकाने ज्या किमान अटी पाळावयाच्या त्यांत लेखाचा सारांश इंग्रजीत असावा आणि संदर्भ रोमन लिपीत असावेत, अशा अटी आहेत. मराठी नियतकालिकात मराठी ग्रंथाचा देवनागरीत दिलेला संदर्भ ते यंत्र मोजत नाही, याचे कारण तो संदर्भ कमी दर्जाचा आहे हे नव्हे. यंत्राला ती अक्षरे वाचावयाचीच नाहीत. जे वाचताच येत नाही त्याला शून्य गुण देणाऱ्या परीक्षकास आपल्या गावातील शाळेतही कोणी ठेवून घेतले नसते.

आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने या शून्याला सरकारी शिक्का कसा दिला तेही पाहण्यासारखे आहे. 2010 च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या कामाला गुणांक देण्याची पद्धत आणली. एपीआय हे तिचे नाव महाराष्ट्रातील प्रत्येक प्राध्यापकाच्या घरात, मुलांच्या फीइतकेच, चर्चेचा विषय झाले. पुढे दुरुस्त्या झाल्या आणि 2018 ची नियमावली आली. तिच्यातील कोष्टकाप्रमाणे भाषा व सामाजिक शास्त्रांतील एका शोधनिबंधाला 10 गुण आहेत. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या एका संपूर्ण ग्रंथालाही 10 गुणच आहेत. प्रकाशक आंतरराष्ट्रीय असेल तर 12. निबंध ज्या नियतकालिकात छापला त्याचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' जसजसा चढत जाईल तसतसे निबंधाचे गुण आणखी वाढतात. ग्रंथाला अशी वाढ नाही. ग्रंथाच्या अनुवादाला 8.

आता हा हिशेब य. दि. फडके यांना लावून पाहा. फडके राज्यशास्त्राचे प्राध्यापक. 'विसाव्या शतकातील महाराष्ट्र' हा त्यांचा ग्रंथ आठ खंडांचा आहे. त्या काळातील महाराष्ट्राच्या राजकारणावर जबाबदारीने काही लिहावयाचे तर हे खंड टाळता येत नाहीत; वृत्तपत्रांतील कित्येक लेखक ते खंड उघडतात आणि नाव न घेता मिटतात. आठ खंडांचे 80 गुण. म्हणजे आठ निबंध, प्रत्येकी दहा-बारा पानांचे. एक माणूस आयुष्याची वर्षे पुराभिलेखागारात आणि जुन्या वृत्तपत्रांच्या धुळीत घालवितो आणि दुसरा एकाच सर्वेक्षणाचे आठ तुकडे करून आठ ठिकाणी छापतो. कोष्टकाच्या दृष्टीने दोघे समान. मराठी समाजाने फडक्यांना 2000 साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष केले, ही गोष्ट अर्थातच कोष्टकात कोठे बसत नाही.

कोष्टकापलीकडे आणखी एक मानदंड आहे, एच-निर्देशांक. जॉर्ज हर्ष या पदार्थवैज्ञानिकाने तो 2005 साली सुचविला. ज्याच्या दहा लेखनकृतींचा प्रत्येकी किमान दहादा उल्लेख झाला आहे त्याचा निर्देशांक दहा. वीस कृती आणि प्रत्येकी किमान वीस उल्लेख असतील तर वीस. अंकगणिताचा साधा विद्यार्थीही सांगेल की ज्याने जन्मभरात तीनच ग्रंथ लिहिले त्याचा निर्देशांक तीनाच्या वर जाऊ शकत नाही, मग त्या ग्रंथांचे उल्लेख लाखांनी होवोत. आमच्या विषयाचे मूळपुरुष अ‍ॅडम स्मिथ यांनी हयातीत दोनच ग्रंथ प्रसिद्ध केले, एक 1759 साली आणि दुसरा 1776 साली. आजच्या निवड समितीपुढे स्मिथसाहेब दोन हा आकडा घेऊन उभे राहिले असते आणि समितीने त्यांना तासिका तत्त्वावर घेण्याचा विचार केला असता.

ही मोजदाद मुळात माणसांना तोलण्यासाठी जन्मली नव्हती, हे आवर्जून सांगितले पाहिजे. युजीन गारफिल्ड यांनी 1955 साली संदर्भसूचीची कल्पना मांडली तेव्हा संशोधकाला पूर्वीचे लेखन सापडावे हा तिचा हेतू होता. कोणी कोणाचे खोडले, कोणी कोणाचे पुढे नेले, याचा माग काढण्याचे ते साधन होते, ग्रंथपालाचे साधन. पुढे ते कंपनीच्या हाती गेले, विकले गेले, पुन्हा विकले गेले. आज वेब ऑफ सायन्स क्लॅरिव्हेट कंपनीच्या मालकीचे आहे आणि स्कोपस एल्सेव्हिअरच्या. यांतील एल्सेव्हिअर स्वतः नियतकालिकांची प्रचंड मोठी विक्रेती आहे. म्हणजे बाजारात माल विकणारा व्यापारीच वजने-मापे तपासणारा अधिकारीही आहे. मंडईतल्या भाजीवाल्याला आपण ही मुभा देऊ काय?

या व्यवहाराचे अर्थशास्त्र तर अद्भुत आहे. प्राध्यापकाचा पगार जनतेच्या करातून होतो. त्याचे संशोधन जनतेच्या पैशावर चालते. लेख लिहून तो कंपनीला फुकट देतो. दुसरा प्राध्यापक तो फुकट तपासून देतो. त्यानंतर कंपनी तोच लेख त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विकते. लेख सर्वांना मोफत वाचता यावा असे वाटत असेल तर लेखकाकडूनच शुल्क घेते. 'नेचर' या नियतकालिकाने 2020 साली यासाठी 9,500 युरो हा दर जाहीर केला होता. कच्चा माल फुकट, मजुरी फुकट आणि पक्का माल मजुरालाच विकायचा! वसाहतवादाच्या काळात मँचेस्टरच्या गिरणीवाल्याने निदान कापसाचे काही पैसे तरी मोजले होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2024 मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये. त्या मोबदल्यात तीस प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके सरकारी संस्थांना वाचावयास मिळणार. गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला जे कालपर्यंत दुर्मीळ होते ते यामुळे मिळेल, हे मान्य करावयास आम्ही कचरत नाही. परंतु या 6,000 कोटींतील किती रुपये भारतीय भाषांतील संशोधनाच्या छपाईसाठी, संपादनासाठी, अनुवादासाठी आहेत? एकही नाही, ती योजनाच त्यासाठी नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून ज्यांनी पेढे वाटले त्यांनी या दोन गोष्टी एकदा शेजारी ठेवून पाहाव्यात. दर्जा प्राचीन शिलालेखांसाठी आहे. आजच्या शास्त्रीय लेखनाला दर्जा द्यावयाचा की नाही हे ठरविण्याचा अधिकार आम्सटरडॅमला आहे.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 साली चलनविषयक धोरणासंदर्भात एक निरीक्षण मांडले. एखाद्या आकड्यावरून आपण परिस्थितीचा अंदाज घेत असतो. तोच आकडा नियंत्रणासाठी वापरू लागलो की तो परिस्थितीविषयी खरे सांगेनासा होतो, असा त्याचा आशय. आपल्या शिक्षणक्षेत्राने हे निरीक्षण अक्षरशः सिद्ध करून दाखविले. निबंध मोजले जाऊ लागताच निबंध छापून देणारी दुकाने गल्लोगल्ली उघडली. काही हजार रुपये भरा, चार दिवसांत निबंध प्रसिद्ध, आंतरराष्ट्रीय असे नाव वेष्टनावर छापलेले. आयोगाने मे 2018 मध्ये आपल्याच मान्य यादीतून 4,305 नियतकालिके एका फटक्यात काढून टाकली. ती यादीत शिरली कशी, हे आयोगाला कोणी विचारले नाही. मग 'केअर' नावाची नवी यादी आली. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे सांगून जबाबदारी ज्याच्या त्याच्या संस्थेवर टाकली. या पंधरा वर्षांत ज्यांचे तारुण्य गेले त्यांना विचारावे. तासिका तत्त्वावर राबणारा, वर्षातील काही महिने बिनपगारी असणारा नेट-सेट उत्तीर्ण तरुण आपल्या तुटपुंज्या मानधनातून निबंधछपाईचे पैसे भरीत होता. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अशा पावत्या जपून ठेवल्या आहेत. कायमच्या नोकरीच्या मुलाखतीस गेला की तो त्या निबंधांची फाईल बरोबर नेतो. आजपर्यंत कोणत्याही समितीने ती उघडून एक परिच्छेद वाचला नाही. पाने किती, एवढे मात्र मोजले.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आकड्यांपूर्वी काय होते, असे विचारले जाते. तेव्हा नेमणुका नात्यागोत्यावर, जातीवर, संस्थाचालकाच्या मर्जीवर होत नव्हत्या काय? ज्याच्या घराण्यात कोणी प्राध्यापक नाही, ज्याला समितीतला कोणी ओळखत नाही, अशा दलित वा भटक्या-विमुक्त समाजातील उमेदवाराला निदान आकडा दाखवून भांडता येते. तुम्ही आकडा काढून घ्याल तर त्याच्या हातात काय उरेल? हा प्रश्न विचारणाऱ्याविषयी आम्हाला आदर आहे. पूर्वीची व्यवस्था सोवळी होती, असे आम्ही कधी म्हटले नाही आणि म्हणणार नाही. परंतु आकड्याने त्या उमेदवाराला खरोखर दार उघडून दिले काय? चांगल्या इंग्रजी शाळेत ज्याचे शिक्षण झाले, ज्याला दिल्ली-मुंबईचे मार्गदर्शक लाभले, परिषदांना जाण्याचा खर्च परवडला, ज्याचे चार मित्र त्याचा उल्लेख करतील आणि तो त्यांचा करील, त्याचा आकडा भराभर वाढतो. वर्ण बदलला, वर्णव्यवस्था राहिली. आणि मर्जी गेली म्हणावे तर तेही खरे नाही: आकड्यांची अट पूर्ण करणारे उमेदवार रांगेत उभे असतात, त्यांतून निवड पूर्वीच्याच पद्धतीने, पूर्वीच्याच रकमा मोजून होते, हे महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी चहाच्या टपरीवर ऐकावयास मिळेल. उपेक्षित उमेदवाराचे खरे संरक्षण उघडपणात आहे. समितीने त्याचे काय वाचले, वाचून काय मत झाले, ते स्वाक्षरीनिशी लिहून उमेदवाराला द्यावे लागले, तर त्याला त्या मताशी भांडता येईल. आकड्याशी कोणी भांडावे?

प्रभाव म्हणजे काय, हा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. सुहास पळशीकर हे पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे माजी प्राध्यापक. त्यांचे इंग्रजी लेखन विपुल आहे आणि अभ्यासकांत त्याचे उल्लेखही होत असणार. तो भाग निराळा. योगेंद्र यादव यांच्यासह ते एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांचे मुख्य सल्लागार होते. 2006 पासून निघालेली ही पुस्तके देशभरातील लक्षावधी मुलांनी वाचली. अकरावीच्या पुस्तकातील, शंकर यांनी 1949 साली काढलेल्या एका व्यंगचित्रावरून मे 2012 मध्ये संसदेत गदारोळ झाला, दोघांनीही सल्लागारपद सोडले आणि पुण्यात पळशीकरांच्या विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे दुसरे सरकार आले आणि पुस्तकांवर कात्री चालू लागली: गुजरातची दंगल गेली, लोकचळवळींवरील प्रकरण गेले. जून 2023 मध्ये दोघांनी परिषदेला लिहिले की ही पुस्तके आता आमची राहिलेली नाहीत, आमची नावे काढून टाका. एका राज्यशास्त्रज्ञाच्या शब्दाचा प्रभाव याहून अधिक तो काय असतो? काँग्रेसच्या राजवटीत मंत्री त्यापायी क्षमा मागतात, भाजपच्या राजवटीत अधिकारी ते शब्द खोडत बसतात, आणि मधल्या काळात एक पिढी ते वाचून मतदार होते. कंपनीच्या यंत्रात अकरावीच्या मुलाचा संदर्भ म्हणून उल्लेख नाही, म्हणून या सर्वाची किंमत शून्य! सत्तेला मात्र कोणते लेखन वाचले जाते याची माहिती यंत्रापेक्षा पक्की असते.

आमच्या दाराशी असलेला एक विषय सांगतो. 30 जून 2021 रोजी 23 गावे पुणे महापालिकेत घेण्यात आली. त्यांत खडकवासला, किरकटवाडी, नांदेड ही गावे होती. ग्रामपंचायती गेल्या. मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि नंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ना सरपंच, ना नगरसेवक, अशी ही गावे होती. जानेवारी 2025 मध्ये याच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गियाँ-बारे या मज्जासंस्थेच्या विकाराची साथ आली, पुणे परिसरात रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली, आणि संशयाचे बोट दूषित पाण्याकडे वळले. ज्या धरणाचे पाणी पुणे शहर पिते त्या धरणाच्या पायथ्याची माणसे शुद्धीकरण न झालेले पाणी पीत होती, हे तेव्हा सर्वांना कळले. निवडून दिलेला प्रतिनिधी नसणे आणि नळाला घाण पाणी येणे यांचा संबंध काय? तक्रार घेऊन बाई कोठे गेली, कोणत्या कार्यालयाने तिला कोणत्या कार्यालयाकडे धाडले? राज्यशास्त्राचा याहून अस्सल प्रश्न मला माहीत नाही. किंवा हा दुसरा घ्या: 2014, 2019 आणि 2024 या तिन्ही लोकसभा निवडणुकांत सुप्रिया सुळे बारामतीतून विजयी झाल्या, पण खडकवासला विधानसभा क्षेत्रात तिन्ही वेळा त्या मागे पडल्या. धायरी-वारज्यात राहावयास आलेला मतदार आणि मूळचा गावकरी यांच्या राजकारणात फरक काय पडला?

पुण्यातच शिरसीकरांनी 1962 च्या निवडणुकीतील मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास केला आणि 1965 साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तेव्हा हे शहर हा अभ्यासाचा पुरेसा विषय होता. आज एखादा तरुण अध्यापक किरकटवाडीत सहा महिने हिंडून, दोनशे घरांशी बोलून, जे आढळले ते मराठीत 'समाज प्रबोधन पत्रिके'त लिहू म्हणेल तर त्याचा मार्गदर्शकच त्याला परावृत्त करील. विषय फार स्थानिक आहे, परदेशी संपादकाला किरकटवाडी ठाऊक नाही. त्यापेक्षा अमुक सिद्धान्ताची चौकट घे, पाच देशांची आकडेवारी संगणकावर उतरवून घे. मार्गदर्शक दुष्ट नसतो, तो शहाणा असतो. विद्यापीठाच्या राष्ट्रीय क्रमवारीत संशोधनाला शंभरांपैकी तीस गुण आहेत आणि त्यातील निबंधांची मोजणी स्कोपस व वेब ऑफ सायन्सवरून होते, हे त्याला माहीत असते. अशा रीतीने प्रश्न कोणते विचारावयाचे हेच बाहेरून ठरते. उत्तरे चुकीची असती तर ती दुरुस्त करता आली असती. न विचारलेल्या प्रश्नाचे काय करणार?

आयोगाने जानेवारी 2025 मध्ये नेमणुकांच्या नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात गुणांकांऐवजी 'लक्षणीय योगदाना'ची नऊ क्षेत्रे आहेत आणि भारतीय भाषांतील अध्यापन हे त्यांतील एक आहे. आमच्यापैकी काही मित्र यावर हुरळून गेले. त्यांनी मसुद्याची पुढची पाने वाचावीत. कुलगुरूंच्या निवडीत राज्य सरकारचा हात आखडून कुलपतींचा हात लांब करण्याची तजवीज तेथे आहे. ज्याच्या मर्जीने कुलगुरू येणार त्याच्याच मर्जीने योगदान लक्षणीय की अलक्षणीय तेही ठरणार. कंपनीच्या यंत्राऐवजी राजभवनाचे यंत्र, एवढीच ही सुधारणा.

मागणी साधी आहे आणि तिच्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने सामाजिक शास्त्रांतील नेमणुकांपुरते एवढे करावे: उमेदवाराने आपल्या तीन लेखनकृती, मराठी किंवा इंग्रजी, निवडून द्याव्यात, विषयातील तीन जाणकारांनी त्या वाचाव्यात, प्रत्येकाने निदान दोन पाने स्वाक्षरीसह लिहावीत, आणि ती पाने मुलाखतीपूर्वी उमेदवाराच्या हाती पडावीत व नेमणुकीनंतर सर्वांना पाहण्यास खुली असावीत. यावर उत्तर मिळते की इतके वाचावयास वेळ कोणाला आहे. अर्ज शेकडो येतात, जाणकार मिळत नाहीत, मानधन परवडत नाही. ज्या देशाला वाचण्यासाठी परदेशी कंपन्यांना तीन वर्षांत 6,000 कोटी देणे परवडते त्या देशातील एका विद्यापीठाला तीन प्राध्यापकांच्या आठ दिवसांच्या वाचनाचे मानधन परवडत नाही, असे कुलगुरूंनी एकदा अधिसभेत उभे राहून, लेखी, सांगावे.